मदत हवी आहे: जुन्या फ्लॅटमध्ये स्प्लिट एसीची लाइन

नमस्कार मंडळी. नाशिकला आईवडिलांच्या जुन्या फ्लॅटमध्ये दीड टनाचा हॉट अँड कोल्ड इन्व्हर्टर एसी बसवायचा आहे. इलेक्ट्रिशियन म्हणतो, "गीझरच्या लाइनवरूनच पॉइंट काढू, कशाला तोडफोड?" आता २००० वॅटचा गीझर एकटाच साधारण ९ अँपिअर खातो, त्यात एसीचे सातआठ. थंडीत सकाळी दोन्ही एकदम चालणार, आणि एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) १६ अँपिअरचा, वायर २.५ एमएमची (म्हणजे चौरस मिमी). मला हे अजिबात पटत नाही. डीबीपासून (सगळे एमसीबी असतात त्या बॉक्सपासून) ४ एमएम तांब्याची स्वतंत्र लाइन आणि २० अँपिअरचा सी-कर्व्ह (सुरू होतानाचा क्षणभराचा जादा करंट सोसणारा) एमसीबी घ्यावा म्हणतोय. बरोबर ना?

खरी काळजी अर्थिंगची. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मल्टिमीटर लावला तर जवळजवळ शून्य यायला हवं, तिथे चक्क १८ व्होल्ट दाखवतो. सोसायटीचा अर्थिंगचा खड्डा पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकखाली गाडला गेलाय. सेक्रेटरी म्हणतात, मीटिंगमध्ये विषय घेऊ. म्हणजे झालंच! आमच्यापुरता वेगळा रॉड टाकून तळमजल्यावरून वायर वर आणली तर चालेल का? कुणी केलंय का असं?

शिवाय इनडोअर-आउटडोअरमधली केबल थोडी कमी पडतेय. फिटिंगवाला "जोड देऊन टेप मारतो" म्हणतोय. मारू द्यावा, की अख्खी केबलच बदलून मागावी?