मदत हवी आहे: टेक्निकलच्या मुलांना कंपन्या गेटच्या आत घेत नाहीत

कानस_हॅकसॉ
घाई आहे म्हणून थेट मुद्द्यावर येतो. आमच्या टेक्निकलच्या मुलांना कंपन्या दाखवायच्या आहेत, जमलं तर तिथलं काम जवळून बघू द्यायचंय आणि एखाददुसऱ्या कंपनीशी करारही करायचाय. मुख्याध्यापकांना महिनाअखेर कागद हवाय. एमआयडीसीत पत्रं वाटून आलो. गेटवरचा माणूस पत्र घेतो, पोच देतो, पुढे सामसूम. एके ठिकाणी एचआरच्या मॅडम भेटल्या, म्हणाल्या मेल करा. केला. उत्तर नाही. कराराचा तयार मसुदा कुणाकडे असेल तर टाका. आणि 'पालकांपैकी कुणी कंपनीत आहे का बघा' हे सांगू नका, बघून झालंय.

शंकासुर
टेक्निकल म्हणजे नक्की काय? आयटीआय? पॉलिटेक्निक? अकरावी-बारावी व्होकेशनल? मुलांचं वय काय, किती मुलं, कोणते ट्रेड? शाळा सरकारी की संस्थेची?

कानस_हॅकसॉ
टेक्निकल हायस्कूल हो. आठवी ते दहावी. संस्थेची, अनुदानित. फिटिंग, सुतारकाम, वेल्डिंग, वायरिंग आणि ड्रॉइंग. हे सगळीकडे असंच असतं ना!

दोन_टक्के
सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा खर्च! कंपनी कायदा २०१३, कलम १३५. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम त्यांना खर्च करावीच लागते, आणि शिक्षण व व्यवसाय कौशल्यं अनुसूची सातमध्ये आहेत. पत्र एचआरला नाही, सीएसआर विभागाला द्या. आमच्या संस्थेला अख्खी संगणक लॅब मिळाली.

लेथदादा
दोन टक्केसाहेब, त्यांनी पैसे मागितलेत कुठे? आणि ते कलम सरसकट लागू नाही. नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यातलं एक तरी हवं. माझ्याकडे चार लेथ आणि एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) आहे. एमआयडीसीत माझ्यासारखेच जास्त.

दोन_टक्के
म्हणून तर मोठ्या कंपन्या धरा म्हणतोय. आणि संस्थेने सीएसआर-१ फॉर्म भरून ठेवावा, त्याशिवाय थेट निधी घेता येत नाही. प्राप्तिकराची १२ए आणि ८०जी नोंदणी आहे का तुमच्याकडे?

कानस_हॅकसॉ
निधी नकोय!! दार उघडायला हवंय.

शंकासुर
पत्रात काय लिहिलंय? आहे तसं टाका.

कानस_हॅकसॉ
'आपल्या नामांकित उद्योगाशी शैक्षणिक सहकार्य प्रस्थापित करून आमच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामाचा अनुभव मिळावा, ही नम्र विनंती.' सगळे असंच लिहितात.

शंकासुर
इथेच घोडं पेंड खातंय. 'प्रत्यक्ष काम' आणि 'आठवी' एकाच पानावर दिसलं की एचआर फाईल बंद करतं. बालकामगार कायदा १९८६चा, २०१६मध्ये सुधारला. १४च्या आतल्या मुलाला कामाला लावायचं नाही, १४ ते १८ वाल्याला घातक प्रक्रियेपासून लांब ठेवायचं. तुम्हाला फक्त दाखवायचं असेल, पण समोरच्याने ते ओळखायचं कसं?

सरळ_उपाय
एवढं कशाला? अप्रेंटिस म्हणून भरा. १९६१चा कायदा आहे, किमान वय १४. विद्यावेतनही मिळतं.

लेथदादा
आणि शाळेत कोण जाणार? अप्रेंटिस म्हणजे कंपनीशी करार, रोजची हजेरी, पूर्ण वेळ. घातक उद्योगांना तर वय १८. दहावीची परीक्षा काय रात्रपाळीत द्यायची?

निवृत्त_टूलरूम
जरा सविस्तर लिहितो. टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारं-साचे बनवणाऱ्या विभागात, आयुष्य गेलं, शाळांची असली पत्रं माझ्याही टेबलावर यायची. 'सहकार्य प्रस्थापित' वाचून काय द्यायचं तेच कळत नाही, म्हणून कुणीच काही देत नाही. एचआरच्या हातात शॉप, म्हणजे मशीन चालतात ती जागा, नसते. शॉप असतं क्वालिटी, मेंटेनन्स नाहीतर प्रॉडक्शनच्या सुपरवायझरकडे. त्याच्याकडे करार मागू नका. एक ठरावीक वस्तू मागा.

सर, तुम्ही रिजेक्ट जॉब, म्हणजे तपासणीत नाकारलेले नग, मागा. बुश, पिन, फ्लँज, जे असेल ते. बाहेरून सगळे सारखेच चकचकीत. शाळेत प्रत्येक गटाच्या हातात पाच-सहा नग आणि एक साधं स्केच द्या. व्हर्निअरने ०.०२ पर्यंत, मायक्रोमीटरने ०.०१ मिमीपर्यंत मोजायचं आणि ठरवायचं: हा नग का नाकारला असेल? व्यास ओव्हरसाइज असेल तर परत मशीनवर घेऊन रीवर्क होतो, अंडरसाइज असेल तर गेला. भोकाला नेमकं उलटं. हा उलटा हिशेब एकदा हाताला लागला की टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो ते, पुस्तकातून शिकवावा लागत नाही. त्यानंतर त्याच सुपरवायझरला तासभर शाळेत बोलवा. पोरं त्याच्याच मालाबद्दल त्याला प्रश्न विचारतात, माणूस खुलतो. कंपनीत या असं मग तोच म्हणतो.

गेज_गो_नोगो
काका, कल्पना छान, पण आमच्याकडे रिजेक्ट माल गेटबाहेर जातच नाही. गाडीचे पार्ट आहेत. चोरवाटेने बाजारात जाऊ नयेत म्हणून ते कापून भंगारात टाकतो. आणि ग्राहकाचं ड्रॉइंग बाहेर देणं म्हणजे नोकरी घालवणं.

निवृत्त_टूलरूम
ड्रॉइंग म्हटलंच नाही, स्केच म्हटलं. शाळेच्या मास्तरांनी स्वतः काढायचं, दोन-तीन मापं, ग्राहकाचं नाव नाही. आणि मापाचा भाग शाबूत ठेवून कापलेला नगही चालतो. नॉन-रिटर्नेबल (माल परत येणार नाही असा) गेटपास करायचा, त्यावर 'शैक्षणिक वापरासाठी' लिहायचं.

गेज_गो_नोगो
गेटपासवर सही कोण करणार, हाच तर प्रश्न आहे. पण सेटिंगचे नग, म्हणजे बॅच सुरू करताना पहिले वाया जातात ते, देता येतील. विचारून बघतो.

म्युनिकहून_मी
जर्मनीत कारखाना आणि व्यवसाय शाळा मिळून शिकवतात. आठवड्यातले काही दिवस इकडे, काही तिकडे. आपल्याकडे हे कधी येणार?

लेथदादा
आलं की धागा काढा. ते तिकडे शाळा संपल्यावर असतं, इथे आठवीची पोरं आहेत.

पाबळप्रेमी
सगळे एमआयडीसीच्या गेटवर का उभे आहात? पाबळच्या विज्ञान आश्रमाने, डॉ. कलबागांनी १९८३मध्ये सुरू केलेल्या, वेगळी वाट दाखवली: मुलांनी आसपासच्या लोकांची खरी कामं करत शिकायचं. शाळेजवळचा मोटर रिवाइंडिंगवाला, फॅब्रिकेशनवाला, सुतार हे उद्योग नाहीत का? २०२०च्या शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना आहेत, सुतार-माळी-कुंभारांकडे शिकायला. तुमची आठवी त्यात बसते.

कानस_हॅकसॉ
रिवाइंडिंगवाल्याकडे पाठवलं तर मुख्याध्यापक म्हणतील, कंपनीचं नाव कुठे आहे?

पाबळप्रेमी
मुलांना शिकवायचंय की फलक लावायचाय?

कानस_हॅकसॉ
दोन्ही. फलक लागल्याशिवाय पुढच्या वर्षी प्रवेश होत नाहीत, हे बाहेरून बोलणाऱ्यांना कळत नाही. मसुदा कुणी टाकणार आहे का?

टिंकर_टिंकर
अटल टिंकरिंग लॅबसाठी अर्ज करा. थ्रीडी प्रिंटर, रोबोटिक्स, सगळं. २० लाखांचं अनुदान.

शंकासुर
निधी नकोय, हे ते वर उद्गारचिन्हांसकट लिहून चुकलेत.

निवृत्त_टूलरूम
मसुदा घ्या. एका पानाच्या वर जाऊ देऊ नका. मजकूर असा:
'इयत्ता नववीचे __ विद्यार्थी व __ शिक्षक, दि. __ रोजी दोन तास, इन्स्पेक्शन विभाग व शॉपची ठरलेली वाट पाहतील. विद्यार्थी कोणतेही यंत्र हाताळणार नाहीत. मोबाइल गेटवर जमा. पालकांची लेखी संमती व विद्यार्थ्यांचा अपघात विमा शाळेकडे राहील. कंपनीवर कोणताही आर्थिक भार नाही.'
खाली दोघांच्या सह्या. नववीच घ्या, आठवीला तोवर मापन शिकवा. एका वेळी वर्ग नेऊ नका, पंधरा-वीस पोरं पुरे. चाळीसजण गेले की मागच्यांना फक्त पुढच्याची पाठ दिसते. पहिली भेट नीट झाली की वर्षभराचं मागा: दर सत्रात एक भेट, एक व्याख्यान, नग पुरवणे.

कानस_हॅकसॉ
याला करार म्हणता येईल का? मुख्याध्यापकांना शीर्षकात 'सामंजस्य करार' हवाय.

लेथदादा
शाळेच्या फाईलमध्ये द्या शीर्षक. मला पाठवताना 'भेटीची परवानगी' लिहा, मी जागेवर सही करेन. 'करार' दिसला की मी वकिलाला दाखवणार आणि वकील दोन महिने लावणार. तुमचं गाव कोणतं, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. जवळ असेल तर दुसऱ्या पाळीच्या सुरुवातीला या, तेव्हा सेटिंग चालू असतं, पोरांना बघण्यासारखं तेच असतं. तयार माल धडाधड पडताना बघून काही कळत नाही.

कानस_हॅकसॉ
व्यनि केलाय. सेफ्टी शूज लागतात का? एवढ्या मुलांना कुठून आणू?

लेथदादा
पिवळ्या पट्ट्यांच्या आतल्या वाटेवर साधे बंद बूट चालतील. चपला-सँडल अजिबात नाही, खाली चिप्स, म्हणजे धातूचे कापलेले तुकडे, असतात. लांब केस बांधून, ओढण्या-मफलर काढून. गॉगल मी देतो, आठ-दहाच आहेत, म्हणून दोन गट करा. विम्याची झेरॉक्स आधी पाठवा.

सरळ_उपाय
तरी मी म्हणतो, अप्रेंटिसचं एकदा बघाच.