उन्हाळ्यात कुंडीतील टोमॅटोची फूलगळ आणि पाणी न मुरणारी माती : मदत हवी आहे

नमस्कार. गच्चीवरील चौदा कुंड्यांमध्ये मी भाजीपाला लावला आहे. त्यांत सहा टोमॅटोच्या, चार मिरचीच्या आणि प्रत्येकी दोन काकडी व भेंडीच्या आहेत. गेले दोन आठवडे दुपारचे तापमान ३८ अंशांखाली उतरलेले नाही आणि रात्रीही ते २७-२८ अंशांवरच राहते. भेंडीला या उन्हाचे काहीच वाटत नाही. काळजी आहे ती टोमॅटोची.

टोमॅटोला घोस भरपूर येतात, परंतु फुलाच्या देठावर मध्ये जी लहानशी गाठ असते ती आधी पिवळी पडते आणि दुसऱ्या दिवशी नुसते बोट लागले तरी फूल तिथूनच सुटून हातात येते. इतक्या उष्णतेत, विशेषतः रात्रीही गारवा नसेल तर, परागकण निकामी होतात आणि फळ धरत नाही, हे मला माहीत आहे. त्यामुळे खताची कमतरता शोधत बसण्यात अर्थ नाही, असे माझे मत आहे. (तरीही मोह आवरला नाही आणि एकदा नत्रयुक्त खत दिलेच, पाने तेवढी माजली.)

पाण्याची अडचण मात्र मला उशिरा कळली. रोज सकाळी पाणी घालताच ते क्षणार्धात कुंडीच्या तळातून वाहू लागे, म्हणून माती पूर्ण भिजली असे मी समजत होतो. एका कुंडीत वीतभर उकरून पाहिले, तेव्हा मधला गोळा भुकटीसारखा कोरडा निघाला. मिश्रणात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) बरेच आहे. ते एकदा पूर्ण वाळले की पाणी सहज शोषत नाही, शिवाय माती आक्रसून कडेला फट पडते आणि सगळे पाणी त्या फटीतून निघून जाते. लहान कुंड्या मी पाण्याने भरलेल्या टबमध्ये, बुडबुडे येणे थांबेपर्यंत, बुडवून ठेवल्या आणि त्यांतील मिरची दोन दिवसांत सावरली. टोमॅटोच्या कुंड्या मात्र पन्नास लिटरच्या असल्याने उचलणे शक्य नाही.

अशा जड कुंड्यांतील माती मुळे न दुखावता आतपर्यंत कशी भिजवावी? मातीत काठीने भोके पाडून थोड्या थोड्या वेळाने पाणी द्यावे आणि मग वाळलेल्या पाल्याचे तीन-चार बोटे आच्छादन करावे, असा माझा विचार आहे. कोणी तसे केले असल्यास अनुभव सांगावा. पन्नास टक्के सावलीची जाळी टोमॅटोवर दिवसभर ठेवावी, की फक्त दुपारी ओढावी? आणि मुख्य प्रश्न असा की, फुले गळतच राहणार असतील, तर ही झाडे छाटून ऊन उतरेपर्यंत नुसती जगवावीत, की काढून टाकून तिथे चवळी किंवा गवार लावावी?