मदत हवी आहे: .३०३ मधून जड गोळी आडवी लागते आहे

जुनी_इंदूर_६८:

नमस्कार मंडळी. माझी नोकरी पीथमपूरला टूलरूममध्ये झाली, आता निवृत्त आहे. बंदुकीतलं मला फारसं कळत नाही, मोजमापातलं कळतं. प्रश्न माझ्या भाच्याचा आहे. तो अमेरिकेत ओहायोत असतो, तिथल्या नेमबाजी क्लबचा सभासद आहे आणि त्याचं सगळं तिथल्या कायद्याप्रमाणे चालतं. आपल्याकडे .३०३ (नळीचं इंचातलं माप) हा प्रतिबंधित बोअर आहे आणि काडतूस घरी भरणं म्हणजे विनापरवाना दारूगोळा बनवणं. त्यामुळे हे वाचून इथे कुणी काही करून बघू नये, ही आधीच कळकळीची विनंती.

आमच्या रामबागेतल्या घरात आजोबांचा एक फोटो आहे. होळकरांच्या फौजेतला, हातात ली-एनफील्ड, म्हणजे .३०३ची रायफल. तो फोटो बघत भाचा लहानाचा मोठा झाला. दोन वर्षांपूर्वी त्याला तिकडे ईशापूरच्या बंदूक कारखान्यातली तशीच जुनी रायफल मिळाली, नंबर १ मार्क ३ स्टार, बटसॉकेटवर, म्हणजे दस्ता बसतो त्या लोखंडी भागावर, मुकुट आणि खाली जी.आर.आय. ही ब्रिटिश राजाची अक्षरं. त्या रात्री व्हिडिओ कॉलवर त्याने ती मला दाखवली तेव्हा माझी बहीण बाजूला डोळे पुसत होती.

१७४ ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळ्यांनी ती बरी चालते. शंभर यार्डावर तळहाताएवढ्या जागेत पाच गोळ्या पडतात. पण १९१० मध्ये मार्क ७ काडतुसाची टोकदार गोळी येण्याआधी .३०३ला बोथट नाकाची २१५ ग्रेनची गोळी असे. याला तशाच गोळ्या वापरून बघायची हौस. बाजारातल्या २१५ ग्रेनच्या सॉफ्ट नोज (नाकाशी शिसं उघडं असलेल्या) गोळ्या आणून त्याने पुस्तकातल्या आकड्यांप्रमाणे काडतुसं भरली. दहापैकी चार गोळ्यांची भोकं लांबट निघाली. एकीचं तर अख्खं आडवं चित्र कागदावर उमटलंय, नाक डावीकडे, बूड उजवीकडे. म्हणजे गोळी हवेत कोलांट्या खात गेली.

क्लबातले लोक म्हणाले, "गोळी जड आहे, नळीचा पीळ तिला पुरत नाही." पीळ म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या, नळीतल्या तिरक्या खाचांचा. मला ते पटलं नाही, म्हणून कागद-पेन घेऊन बसलो. वूलिचच्या ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये दिलेलं सूत्र वजन विचारत नाही, लांबी विचारतं: दीडशे गुणिले व्यासाचा वर्ग, भागिले लांबी. भाच्याची २१५ ग्रेनची गोळी ३२ मिलिमीटर लांब, व्यास ७.९०. उत्तर येतं २९२ मिलिमीटर, म्हणजे साडेअकरा इंचांत एक फेरा मिळाला तरी ती सरळ जायला हवी. या नळीत दहा इंचांत एक फेरा आहे. शिवाय जुनी मार्क ७ची गोळी वजनाने हलकी असूनही लांबीला एवढीच होती, कारण तिचं टोक निमुळतं आणि पुढच्या भागात शिशाऐवजी अ‍ॅल्युमिनियम किंवा लाकडाचा लगदा. तेव्हा दोष पिळाचा नाही.

मग नळीचं आतलं माप कळावं म्हणून मी त्याला नळीतून मऊ शिसं ठोकून काढायला सांगितलं. गळाला लावतात त्या शिशाचा तुकडा, नळीला तेलाचा हात देऊन, लाकडी दांड्याने. त्याने साध्या कॅलिपरने मोजला तर कुठे ७.८२, कुठे ७.८७. म्हणाला, "मामा, नळी तर गोळीपेक्षा बारीकच आहे, मग गोळी सैल कशी असेल?"

तो तुकडा बहिणीने गणपतीत येताना औषधाच्या डबीत कापूस घालून आणला. हातात घेतला आणि चूक लगेच दिसली. एनफील्डच्या नळीत पाच खाचा असतात. खाच म्हणजे तुकड्यावर उंचवटा. पाच हा विषम आकडा, त्यामुळे प्रत्येक उंचवट्याच्या बरोबर समोर खळगा येतो. सपाट जबड्याचा कॅलिपर तिथे खरा व्यास दाखवूच शकत नाही. भोकाला नेमकं माप द्यायचा पाच खाचांचा रीमर आम्ही आयुष्यभर १०८ अंशांच्या व्ही-अ‍ॅन्व्हिल मायक्रोमीटरने, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेत तुकडा बसवणाऱ्या मापकाने, मोजला, तोच जुन्या सहकाऱ्याकडून मागून आणला. तुकडा फिरवून फिरवून सहा वेळा मोजला. दर वेळी ८.००, फार तर एखादा शतांश इकडे-तिकडे.

म्हणजे ७.९०ची गोळी ८.००च्या नळीतून जाते आहे. माझा अंदाज असा: १७४ ग्रेनच्या गोळीचं बूड उघडं आहे, आतलं शिसं दिसतं. दाबाने ते फुगून खाचा भरत असावं. सॉफ्ट नोजचं नाक उघडं पण बूड तांब्याच्या कवचाने बंद, ते तेवढं फुगत नाही, म्हणून गोळीला पीळ नीट मिळतच नाही.

हे बरोबर आहे का, जाणकारांनी सांगावं. आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त छळते आहे: भाचा म्हणतो, काडतुसातली दारू थोडी वाढवली तर दाब वाढेल आणि बंद बूडही फुगेल. मी त्याला सध्या शपथ घालून थांबवलंय. पण शपथेपेक्षा कारण दिलेलं बरं.

निवृत्त_आर्मरर:

काका, शपथ मोडू देऊ नका. जड गोळी जागची हलायला वेळ घेते, म्हणून त्याच दारूला दाब आधीच जास्त चढतो. जड गोळीला दारू हलक्या गोळीपेक्षा कमीच असते. त्यात ली-एनफील्डच्या बोल्टची कुलपं मागच्या बाजूला. मोठ्या दाबाला बोल्ट आणि बॉडी किंचित ताणतात आणि पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) बुडाजवळ लांबते. दोन-चारदा वापरली की तिथेच तुटते. भाच्याला वापरलेल्या पुंगळ्या तपासायला सांगा. कागदाच्या क्लिपची तार सरळ करून टोक जरासं वाकवायचं आणि पुंगळीच्या आत बुडाकडून वर ओढायचं. कुठे अडकलं तर ती फेकून द्यायची, दया नाही.

तुमचं मोजमाप वाचून आनंद झाला, बुडाचा अंदाजही बरोबर आहे. एक राहिलं: नळीचं तोंड. फौजेत नळी साफ करायची पुल-थ्रूची दोरी तिरकी ओढून ओढून तोंड एका बाजूला झिजतं. बोल्ट काढून, रायफल रिकामी असल्याची खात्री करून, सुटी गोळी नाकाकडून तोंडात घाला आणि किती आत जाते बघा.

जुनी_इंदूर_६८:

आर्मरर साहेब, तुमचे फार आभार. तुमचं लिखाण भाच्याला जसंच्या तसं वाचून दाखवलं. दारू वाढवायचा विषय त्याच्या तोंडून आता निघत नाही. वीस पुंगळ्यांपैकी तीनमध्ये तार अडकली. त्यातली एक त्याने करवतीने उभी कापून फोटो पाठवला. बुडापासून बोटाच्या पेराइतक्या अंतरावर आतून गोल चर पडलाय आणि तिथे पितळ निम्मंसुद्धा उरलेलं नाही. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तो फोटो मी बहिणीला दाखवलेला नाही.

तोंडाशी मात्र गोळी बरीच आत जाते आणि डावीकडे डुलते. तेव्हा झीज दोन्हीकडे आहे असं धरून चाललोय.

आता तो ८.०२ मिलिमीटरच्या, शिशाच्या ओतीव गोळ्या कमी वेगाने वापरायचं म्हणतो. मला त्यात एकच धास्ती वाटते. गोळी जाड झाली की पुंगळीची मानही बाहेरून तेवढीच जाड होणार. चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, तिला फुलायला जागा उरली नाही तर गोळी सुटताना दाब चढेल ना? त्याला उडवलेल्या पुंगळीची मान आणि नव्या भरलेल्या काडतुसाची मान, दोन्ही मोजायला सांगितली आहेत. यांच्यात किमान किती फरक असावा, एवढं सांगाल का? तोवर रायफल कपाटातच राहील, असं त्याने कबूल केलंय.