दोनशे मिनिटे आणि दहा खेळाडू: केंटकीचा २०१४-१५ चा प्रयोग चुकीचा होता का?

अर्धवर्तुळ (धागालेखक)

अमेरिकेतला पुरुषांचा कॉलेज बास्केटबॉल सामना ४० मिनिटांचा असतो आणि मैदानावर एका वेळी पाच जण खेळतात, म्हणजे प्रशिक्षकाकडे वाटायला २०० मिनिटे असतात. सामना बरोबरीत सुटून जादा वेळ मिळाला तरच त्यात भर पडते. ही मिनिटे आठ जणांत, फार तर साडेआठ जणांत वाटावीत असे माझे मत आहे. त्याहून अधिक गुणवान खेळाडू हाताशी असले की लोक त्याला संघाची श्रीमंती म्हणतात, मला ती अडचण वाटते. ज्या संघावरून हे मत बनले त्याचाच दाखला देतो, म्हणजे खोडून काढणाऱ्यांनाही सोपे जाईल.

२०१४-१५ च्या हंगामात केंटकी विद्यापीठाचे प्रशिक्षक जॉन कॅलिपारी यांच्याकडे कोणत्याही संघात पहिल्या पाचांत सहज बसतील असे दहा जण एकाच वेळी जमले. बाकावर बसवायचे कोणाला, हा प्रश्न त्यांनी कोणालाच न बसवता सोडवला. त्यांनी पाच-पाच जणांच्या दोन तुकड्या केल्या. एक तुकडी काही मिनिटे खेळायची, मग ती पुरी बाहेर यायची आणि दमसास शाबूत असलेले दुसरे पाच जण आत जायचे. १८ नोव्हेंबर २०१४ रोजी इंडियानापोलिसमध्ये त्यांनी कॅन्ससला ७२-४० असे धुतले. डिसेंबरात शिकागोला यूसीएलएविरुद्ध मध्यंतराला गुणफलक ४१-७ असा होता. कॅन्सस आणि यूसीएलए ही या खेळातली मातब्बर घराणी आहेत हे लक्षात घेतले, तर या आकड्यांचे वजन कळेल.

असे ओळीने ३८ सामने जिंकून हा संघ ४ एप्रिल २०१५ रोजी पुन्हा इंडियानापोलिसलाच आला आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात विस्कॉन्सिनकडून ७१-६४ असा हरला. त्या सामन्याचा शेवट मी अनेकदा पाहिला आहे. साडेसहा मिनिटे उरली असताना केंटकी ६०-५६ ने पुढे होता. त्यानंतर तीनदा असे झाले की रिंगला लागेल अशी फेक घेण्याआधीच शॉट क्लॉकचे, म्हणजे फेक घेण्याची मुदत मोजणाऱ्या घड्याळाचे, ३५ सेकंद संपले आणि चेंडू समोरच्यांना द्यावा लागला. तेवढ्यात विस्कॉन्सिनने ओळीने आठ गुण केले. वर्षभर ज्या संघात सर्वाधिक खेळणाऱ्याची सरासरीही २६ मिनिटांच्या आसपास आणि सर्वाधिक गुण करणाऱ्याची ११ च्या आसपास राहिली, त्या संघात अशा वेळी चेंडू कोणी मागून घ्यायचा हे ठरलेलेच नव्हते. केंटकीचा डेव्हिन बुकर तर त्या अख्ख्या हंगामात एकाही सामन्यात पहिल्या पाचांत उतरला नाही.

दोनच दिवसांनी त्याच मैदानावर ड्यूकने विस्कॉन्सिनला ६८-६३ असे हरवून विजेतेपद घेतले. तेव्हा ड्यूककडे शिष्यवृत्तीवरचे खेळाडू आठ होते.

हिशेबनीस

तीव्र असहमती. आपण ज्या प्रयोगाला दोष देत आहात तो एप्रिलमध्ये चालूच नव्हता. त्या दहांपैकी ॲलेक्स पॉयथ्रेस याचा गुडघा डिसेंबरमध्ये सरावात दुखावला आणि तो हंगामाला मुकला. दहाचे नऊ झाल्यावर दोन तुकड्यांचे गणित मोडले आणि नव्या वर्षात कॅलिपारी चारचौघांसारखेच एकेक, दोन-दोन खेळाडू बदलू लागले. विस्कॉन्सिनविरुद्ध हरला तो नेहमीच्या पद्धतीने खेळणारा संघ, आणि त्याचे खापर आपण नोव्हेंबरातल्या पद्धतीवर फोडत आहात.

‘चेंडू कोणी मागायचा हे ठरले नव्हते’ हेही मान्य नाही. विस्कॉन्सिनच्या आधीच्याच सामन्यात नोत्र दामविरुद्ध ६८-६६ अशी मान सोडवून घेताना कार्ल-अँथनी टाउन्सने २५ गुण केले होते. सरासरी २१ मिनिटे खेळणाऱ्या त्या मुलाला त्याच वर्षी एनबीए या व्यावसायिक लीगच्या निवडीत पहिला क्रमांक मिळाला, आणि त्याच्यासकट केंटकीचे सहा जण निवडले गेले. मिनिटे वाटल्यामुळे कोणाची वाढ खुंटली असेल तर ती मला दिसत नाही. बुकर पुढे एनबीएतला मोठा खेळाडू झाला, हे तर बास्केटबॉल न पाहणाऱ्यांनाही ठाऊक असेल.

आपण ज्याच्याबद्दल लिहिलेत त्या अखेरच्या टप्प्यात विस्कॉन्सिनची ६०-६० अशी बरोबरी ज्या बास्केटने झाली, ती शॉट क्लॉक संपल्यावर सुटलेल्या फेकीची होती आणि पंचांच्या नजरेतून सुटली, हे आपण सांगितले नाही. विस्कॉन्सिनचा फ्रँक कमिन्स्की त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम खेळाडू होता आणि त्याने त्या रात्री २० गुण व ११ रिबाउंड (हुकलेल्या फेकीचे पकडलेले चेंडू) काढले, हेही राहून गेले. ३९ सामन्यांपैकी एक हरला म्हणून पद्धत चुकीची ठरवायची, तर मग बरोबर पद्धत कोणाची?

अर्धवर्तुळ

पॉयथ्रेसच्या दुखापतीचा मुद्दा मान्य करतो. दोन तुकड्या आणि शेवटची साडेसहा मिनिटे यांची मी थेट सांगड घातली, ती घाईची होती. पंचांच्या चुकीचा उल्लेख मी मुद्दाम टाळला नव्हता, पण करायला हवा होता.

ड्यूकबद्दलचे माझे म्हणणे मात्र कायम आहे. त्या अंतिम सामन्यात त्यांचा प्रमुख खेळाडू जहलिल ओकाफोर फाउलांच्या ओझ्याखाली दबला होता आणि ड्यूक ३९-४८ असा मागे होता. अशा वेळी ग्रेसन ॲलन हा पहिल्या वर्षाचा मुलगा आला आणि त्याने लागोपाठ आठ गुण केले, एकूण १६. हंगामभर तो सामन्यागणिक जेमतेम नऊ मिनिटे खेळला होता. आठ जणांच्या संघात आठव्या माणसालाही आपली पाळी येणार हे पक्के माहीत असते, म्हणून तो तयार असतो.

हिशेबनीस

हे उदाहरण आपल्या बाजूचे आहे की माझ्या? सर्वांत मोठ्या सामन्यात बाकावरचा मुलगा उपयोगी पडला, म्हणजे बाकावर चांगले खेळाडू असणे उपयोगी पडले. शिवाय ड्यूकने आठ हा आकडा निवडला नव्हता. हंगामाची सुरुवात त्यांनी दहा जणांनी केली. डिसेंबरात एक जण दुसरीकडे गेला, जानेवारीत एकाला संघातून काढले, आणि उरले आठ. मार्चमध्ये आणखी एकाचा घोटा मुरगळला असता तर हा धागा निघाला नसता. घराला आग लागली नाही म्हणून विमा न काढणाऱ्याला दूरदर्शी म्हणण्यातला हा प्रकार आहे.

जुना पिव्होट

दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट आली नाही, ती म्हणजे विश्रांतीचा विराम. टीव्हीवर दाखवल्या जाणाऱ्या पुरुषांच्या कॉलेज सामन्यात जाहिरातींसाठी प्रत्येक अर्धात चार वेळा खेळ थांबतो. घड्याळ १६, १२, ८ आणि ४ मिनिटांच्या खाली गेल्यावर जेव्हा पहिल्यांदा चेंडू थांबतो तेव्हा. प्रशिक्षकांचे स्वतःचे टाइमआउट त्याशिवाय वेगळे. याचा अर्थ असा, की चांगला खेळाडू ३५ मिनिटे खेळला तरी सलग चार-पाच मिनिटांपेक्षा जास्त तो क्वचितच पळतो. चतुर प्रशिक्षक त्याला अशा विरामाच्या अर्धा-एक मिनिट आधी बाहेर घेतात आणि विराम संपला की परत पाठवतात. घड्याळातला एक मिनिट खर्चून त्याला तीन-चार मिनिटांची विश्रांती मिळते. अर्धवर्तुळ यांचे आठ जण पुरतात ते या जाहिरातींच्या कृपेने.

मी महाराष्ट्रात आंतरविद्यापीठ पातळीपर्यंत खेळलो आणि नंतर बरीच वर्षे एका महाविद्यालयाचा संघ सांभाळला. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे पहिल्या अर्धात दोन आणि दुसऱ्यात तीन टाइमआउट मिळतात, तेही एकेका मिनिटाचे. सिमेंटचे मैदान, दुपारचे ऊन आणि ओळीने तीन दिवस तीन सामने असले, की आठ जणांवर निघालेला संघ तिसऱ्या दिवशी रिंगखाली नुसता उभा राहतो. मी एकदा असा हट्ट करून पाहिला आहे, पुन्हा केला नाही.

मिनिटे कोणी ठरवायची यावर नॉर्थ कॅरोलायनाचे डीन स्मिथ यांची एक पद्धत होती, ती मला आजही सर्वांत शहाणपणाची वाटते. दमलेल्या खेळाडूने मूठ वर करायची, की त्याला बाहेर घेतले जाई, आणि असा स्वतःहून बाहेर आलेला खेळाडू दम खाऊन झाला की स्वतःच सांगून परत आत जाई. आपली जागा जाणार नाही याची खात्री असल्यामुळे मुले थकवा लपवत नसत. पहिल्या अर्धात राखीव पाच जणांची ‘ब्लू टीम’ ते एकत्रच दोन-एक मिनिटांसाठी उतरवत. कॅलिपारींच्या तुकड्या म्हणजे त्याच कल्पनेचा फुगवलेला अवतार.

बाकावरचीची आई

आठवा की दहावा हा वाद वाचून थोडे हसू आले, कारण माझी मुलगी तेरावी आहे. ती ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजच्या संघात आहे. स्पर्धेच्या तिसऱ्या श्रेणीतल्या (डिव्हिजन थ्री) या कॉलेजांत खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, त्यामुळे पहाटेचा सराव, बसचे प्रवास आणि जिममधले तास ही मुले स्वखुशीने करतात. गेल्या हिवाळ्यात एका सामन्यात दुसरा क्वार्टर संपायला दीड मिनिट असताना प्रशिक्षकांनी तिला खूण केली. तिने वरचा शर्ट काढून शेजारणीच्या मांडीवर टाकला आणि स्कोअररच्या टेबलासमोर एक गुडघा टेकून बसली. चेंडू थांबल्याशिवाय बदली खेळाडूला आत जाता येत नाही, आणि त्या दीड मिनिटात शिटी वाजलीच नाही. भोंगा झाला, ती उठली आणि बाकाकडे परत आली. दुसऱ्या अर्धात तिला बोलावले नाही. रात्री निघालेल्या तपशिलात तिच्या नावापुढे शून्य मिनिटे होती.

मी तिच्या प्रशिक्षकांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही, कारण त्यांच्याकडेही तेवढीच दोनशे मिनिटे आहेत. पण आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजात डेव्हिड आर्सनो यांनी यावर उपाय काढला होता, हे चर्चेत यावे असे वाटले. पाच-पाच जणांच्या लाटा ते मिनिटाभराच्या आतच बदलत, पूर्ण मैदानभर दाबून बचाव करत, आणि हल्ल्यात पहिली संधी मिळताच तीन गुणांची फेक घेत. सामन्यात पंधरा-पंधरा मुले घाम गाळत. तिथे तेरावा कोण हे विचारावे लागत नव्हते.

हिशेबनीस

आपल्या मुलीचा प्रसंग वाचून काही वेळ उत्तर सुचले नाही. तरीही ग्रिनेलबद्दल एक गोष्ट नोंदवतो. २० नोव्हेंबर २०१२ रोजी याच कॉलेजच्या जॅक टेलरने एका सामन्यात १३८ गुण केले. त्यासाठी त्याने १०८ फेका घेतल्या आणि तो ४० पैकी ३६ मिनिटे मैदानावर होता. सर्वांना खेळायला मिळावे म्हणून बांधलेल्या पद्धतीत त्या रात्री बाकीचे बहुतांशी त्याला चेंडू आणून देत होते. मी मिनिटे वाटण्याच्या बाजूचा असूनही हे सांगतो.

घाटावरून डॅलसला

आपण सर्व जण दहा वर्षांपूर्वीच्या जगाबद्दल बोलत आहात. तेव्हा कॉलेज बदलले तर सहसा एक हंगाम बाहेर बसावे लागे, त्यामुळे दहावा मुलगा मुकाट्याने आपल्या पाळीची वाट पाही. २०२१ पासून एकदा आणि २०२४ पासून कितीही वेळा बदली करून लगेच खेळता येते, आणि खेळाडूंना आपल्या नावावर पैसेही मिळवता येतात. डिसेंबरात ज्याला पाच मिनिटे मिळतात तो एप्रिलमध्ये दुसऱ्या कॉलेजच्या रंगात दिसतो. संघात जास्तीत जास्त पंधरा जण ठेवण्याची मुभा आता आहे, पण पंधरा चांगले खेळाडू खूश ठेवणे कोणत्याही प्रशिक्षकाच्या आवाक्याबाहेरचे आहे.

यावर कॅलिपारींचेच उदाहरण घ्या. २०२४ मध्ये ते आर्कान्सॉ विद्यापीठाला गेले आणि म्हणाले की आपल्याला आठ-नऊच शिष्यवृत्तीचे खेळाडू हवेत, नाहीतरी मुले निघूनच जातात. दहा जणांना समान मिनिटे देणाऱ्या माणसाचे हे बोल आहेत. त्या हंगामात त्यांचे दोन प्रमुख खेळाडू जायबंदी झाले, परिषदेतले, म्हणजे आपल्या गटातल्या विद्यापीठांशी होणारे, पहिले पाचही सामने ते हरले, आणि तरीही मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या सोळांत पोचले. वाटेत त्यांनी प्रशिक्षक रिक पिटिनो यांच्या सेंट जॉन्सला ७५-६६ असे हरवले. त्या सामन्यात पिटिनोंनी बिग ईस्ट परिषदेचा त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू आर. जे. लुईस याला शेवटची सुमारे पाच मिनिटे बाकावर बसवून ठेवले, कारण १७ पैकी त्याच्या तीनच फेका लागल्या होत्या. पुढच्या काही दिवसांत लुईसने कॉलेज सोडण्याचा मार्ग धरला.

जुना पिव्होट

पिटिनोंचा तो निर्णय मला चुकीचा वाटत नाही. सतरापैकी चौदा फेका हुकलेल्या मुलाला अठरावी घेऊ द्यायची की नाही, हे प्रशिक्षकाने त्या क्षणी ठरवायचेच असते. फक्त त्या बदलीची शक्यता त्या मुलाला जानेवारीतच सांगून ठेवलेली असेल, तर तो ती पचवतो. डीन स्मिथ यांच्या मुठीत हेच होते.

अर्धवर्तुळ

डॅलसकरांच्या प्रतिसादाने माझा मुद्दा मजबूत झाला असे मी म्हणणार होतो, पण कॅलिपारी आठ-नऊवर आले ते मुले टिकत नाहीत म्हणून, आठ जण चांगले खेळतात म्हणून नव्हे, हे हिशेबनीस लगेच दाखवून देतील. सिमेंटच्या मैदानावरचा तिसरा दिवस आणि ड्यूकचा न मुरगळलेला घोटा या दोन्हींना माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून साडेआठऐवजी नऊ लिहितो. दहावा अजून मान्य नाही.

बाकावरचीची आई

नववर्षानंतरच्या दुसऱ्या सामन्यात तिला चार मिनिटे मिळाली. एक फाउल, दोन रिबाउंड, गुण नाहीत. अर्धवर्तुळ यांच्या माहितीसाठी.