मदत हवी आहे : जाड तैलरंगात पांढरी बर्फी

मंडळी, तैलरंगात काम करणारं कुणी असेल तर जरा सांगा.

वेन टीबो (१९२०-२०२१) या अमेरिकन चित्रकाराची केक आणि 'पाय' (pie, सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) यांची चित्रं माझ्या डोक्यात बसली आहेत. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतलं १९६३ सालचं 'केक्स' चांगलं पाच फूट बाय सहा फूट आहे. फिकट पार्श्वभूमीवर केक मांडलेले, आणि रंग इतका जाड की ब्रशने आयसिंगच ओढल्यासारखं वाटतं. सावल्या चक्क निळ्या. वस्तूंच्या कडेने नारिंगी, हिरव्या, निळ्या बारीक रेघा, त्यामुळे पांढऱ्यावर पांढरा केकही सुटून दिसतो. हे सगळं तो बहुतेक वेळा आठवणीतून रंगवायचा, समोर केक न ठेवता. (माझ्यासमोर ठेवलेली मिठाई घरात टिकतच नाही, त्यामुळे ही पद्धत मला सोयीची!)

मला तसा मिठाईच्या दुकानातला काउंटर करायचाय. स्टीलच्या ट्रेमध्ये बालूशाही, पेढे, मलई बर्फी. बालूशाही मस्त जमते, पाकाची चकाकी आणि वरच्या भेगा जाड रंगाला मानवतात. पेढ्यांचंही ठीक. घोडं अडतं बर्फीपाशी. ती साबणाची वडी दिसते. कडेला निळी रेघ ओढायला जावं तर ती ओल्या पांढऱ्यात मिसळून मळकट होते. रेघा आधी काढून वाळू द्यायच्या की शेवटी? पांढरा रंग टायटॅनियमचा घ्यावा की झिंकचा? आणि वर्ख कसा दाखवायचा? खरा चिकटवायचा नाहीये.

प्रतिसाद

रेघा आधी, पातळ रंगात. त्या वाळल्या की पांढरा त्यांच्या अलीकडे थांबवा, रेघ झाकू नका. जाड थराला झिंक नको, कालांतराने ठिसूळ होऊन तडकतो. टायटॅनियम घ्या, पण सगळी बर्फी नळीतल्या पांढऱ्याने भरू नका. उजेडाकडची बाजू किंचित पिवळसर, सावलीकडची निळसर-जांभळी ठेवा. शुद्ध पांढरा फक्त वरच्या एका कडेला. साबण दिसतो तो तिन्ही बाजू एकाच पांढऱ्यात गेल्यामुळे.

वर्खासाठी चंदेरी रंग आणू नका. गडद राखाडीला लागून थंड पांढरा, वेडेवाकडे तुकडे, मध्ये बर्फी उघडी. पावसाळ्यात जाड थर आठवडे ओला राहतो, त्यामुळे अल्किड मीडियम (तैलरंग लवकर वाळावा म्हणून मिसळतात ते) थोडं मिसळा.

धागाकर्ती

धन्यवाद! अल्किड मीडियमचा वास फार येतो का? वन-बीएचकेत राहतो आम्ही.