सेनाखासखेल म्हणजे नक्की काय?

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांबद्दल काहीही वाचायला घेतलं की नावाआधी "सेनाखासखेल समशेर बहादूर" येतंच. समशेर बहादूर कळलं, पण खासखेल काय आहे? एक मित्र म्हणाला खास खेळ, म्हणजे राजाच्या मर्जीतला खेळाडू वगैरे, ते काही पटलं नाही. शिवाय सयाजीराव १८७५ ला दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे होते, ते कुठल्या लढाईवर गेलेच नाहीत, मग नावात सेना कशी काय? आणि हे जोडून लिहायचं का तोडून?

———

खेळाशी काहीएक संबंध नाही, ळ तर अजिबात नको. खेल आलाय अरबी खैलवरून, म्हणजे घोडे, त्यावरून घोडेस्वारांचा जथा. आणि खास म्हणजे राजाचं स्वतःचं, आपल्याकडे खासगी, खासे, खाशी स्वारी हे शब्द आहेत ना तोच खास. बहमनी सुलतानांच्या स्वतःच्या फौजेला खासखेल म्हणत, तिथून तो दख्खनेत रुळला. तेव्हा सेनाखासखेल म्हणजे राजाच्या खास फौजेचा म्होरक्या.

आता गायकवाडांकडे कसा आला ते बघा, कारण खरी गंमत तिथेच आहे. तळेगावचे दाभाडे छत्रपती शाहूंचे सेनापती आणि गायकवाड त्यांच्या हाताखालचे. १७२० ला बाळापूरच्या लढाईत दमाजी गायकवाडांनी तलवार गाजवली म्हणून समशेर बहादूर मिळालं. (बाजीराव-मस्तानीच्या मुलाचंही नाव समशेर बहादूर, तो पानिपतात जखमी होऊन गेला, त्याचा आणि याचा संबंध नाही, दरवेळी कोणीतरी घोळ घालतंच.) दमाजींमागे पुतण्या पिलाजी. १७३१ ला डभईला बाजीरावाशी लढताना त्रिंबकराव दाभाडे पडले, सेनापतीपद गेलं लहानग्या यशवंतरावाकडे आणि पिलाजी झाले त्याचे मुतालिक, म्हणजे त्याच्या वतीने काम बघणारे, सोबत सेनाखासखेल. हे नुसतं मिरवायला नव्हतं हो, फौज बाळगा, मुलूख राखा, हाक आली की हजर व्हा, असा तो हुद्दा होता. पुढच्याच वर्षी डाकोरला पिलाजींना दग्याने मारलं.

म्हणजे आधी हुद्दा, मग तो घराण्यात वंशपरंपरा आला आणि शेवटी इंग्रजी अमलात उरला नुसता किताब. सयाजीरावांच्या नावात आहे तो किताब. त्याने त्यांची थोरवी कमी होत नाही, ती सक्तीच्या मोफत शिक्षणाने आहेच, पण किताब वाचून "महाराज लष्करात होते" असं कोणी लिहिलं तर ते चूक.

———

थोडी भर घालतो, कारण सेनाखासखेल एकटे बडोद्याचेच नाहीत. आमच्या कोल्हापूरकडचे तोरगलकर शिंदेही सेनाखासखेल. चव्हाण हिम्मतबहादूर, निंबाळकर सरलष्कर आणि कापशीकर घोरपडे सेनापती. कागल तालुक्यातलं गाव अजून सेनापती कापशीच आहे, चप्पल घ्यायला लोक येतात आणि नुसतं कापशी म्हणतात, पण त्या सेनापतीमागे संताजी घोरपडे आहेत हे पोरांना सांगायला पाहिजे, मला त्याचं फार वाटतं. तिकडे नागपूरकर भोसले सेनासाहेब सुभा, त्यातला साहेब म्हणजे धनी, मालक, आपला रावसाहेबातला आदरार्थी नव्हे.

———

मग आत्ताच्या लोकांचं काय? कॅप्टन अमरिंदर सिंग पण पतियाळाच्या राजघराण्यातले, तो कॅप्टन पण किताबच धरायचा का? आणि उमाबाई दाभाड्यांना सरसेनापती लिहितात ते बरोबर का, सेनापतीण वगैरे काही रूप आहे का?

———

नाही ताई, तो कॅप्टन कमावलेला आहे. १९६३ ला शीख रेजिमेंटमध्ये कमिशन, १९६५ च्या सुरुवातीला राजीनामा दिला आणि त्याच वर्षी पाकिस्तानशी युद्ध पेटल्यावर परत रुजू झाले. राजघराण्यातला आणि पुढे मुख्यमंत्री झालेला माणूस असला तरी हा हुद्दाच. याउलट धोनी लेफ्टनंट कर्नल आहे तो मानद, तिथे मानद शब्द लिहायलाच हवा, पेपरवाले गाळतात आणि मग वाचणाऱ्याला दोन्ही सारखंच वाटतं. संस्थानिकांना इंग्रजांनी असे मानद हुद्दे भरपूर दिले, पण त्यातही सरसकट झोडपू नका, ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९०० ला चीनच्या मोहिमेसाठी हॉस्पिटलचं जहाज दिलं आणि स्वतः तिकडे गेलेही.

उमाबाईंबद्दल, पद कागदोपत्री मुलाच्या म्हणजे यशवंतरावाच्या नावावर, पण कारभार त्यांचा आणि पिलाजींच्या खुनानंतर अहमदाबादेवर फौज घेऊन गेल्या त्याही त्याच. त्यामुळे सरसेनापती उमाबाई म्हणायला माझी तरी हरकत नाही. रूप मात्र सेनापतीच ठेवा, सेनापतीण म्हटलं की मराठीत सेनापतीची बायको असाच अर्थ होतो, पाटलीणसारखा.

आणि वरचं राहिलं होतं ते, सेनाखासखेल जोडूनच लिहा, तोडलं की खेल एकटा पडतो आणि लोक परत त्याचा खेळ करतात.