अँड्र्यूज भगिनींनी तिघींचं गाणं सोपं केलं, की त्यातला जीव काढला?

तबकडीवाला:

गेले दोन महिने रात्रीची जेवणं आटोपली की मी बॉसवेल भगिनींच्या १९३१ ते १९३६ मधल्या तबकड्या ओळीने ऐकतोय. मार्था, कॉनी आणि व्हेट, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या तिघी सख्ख्या बहिणी. त्या संपल्यावर त्यांच्यानंतर गाजलेल्या तिघी, अँड्र्यूज भगिनी, लावल्या आणि चार दिवसांत बंद केल्या. का बंद केल्या ते सांगतो. वाद होईल, होऊ दे.

क्लोज हार्मनी म्हणजे तीन-चार गळे एकाच वेळी वेगवेगळे सूर गातात, पण ते सगळे सूर एका सप्तकाच्या आत, एकमेकांना खेटून असतात. त्यामुळे कानाला एकेक गळा वेगळा काढता येत नाही, सगळ्यांचा मिळून एकच दाट आवाज ऐकू येतो. मायक्रोफोन नव्हता, तबकडी भरायला भोंग्यासमोर ओरडून गायचं होतं तोवर यातले बारकावे तबकडीवर उतरत नव्हते. बॉसवेल भगिनींची पहिली तबकडी १९२५ ची आहे, तीही भोंग्यासमोरची. मग मायक्रोफोन आला, रेडिओ आला आणि तिघी डोक्याला डोकं लावून हलक्या आवाजात गाऊ लागल्या.

तिघींचं शिक्षण पाश्चात्त्य शास्त्रीय वाद्यांवर झालेलं. मार्था पियानो, व्हेट व्हायोलिन, कॉनी चेलो. कॉनीला लहानपणापासून चालता येत नव्हतं, ती बसूनच गायची. गाण्याची मांडणी त्या स्वतः करायच्या. तीन मिनिटांच्या तबकडीत लय दोन-तीनदा पालटते, मेजरमधली (उजळ सुरांची) चाल अचानक मायनरमध्ये (उदास सुरांत) जाते, आणि मधेच त्या शब्दांच्या पोटात भलतीच अक्षरं घुसवून गातात. आपण लहानपणी चची भाषा बोलायचो ना, तशी त्यांची घरातली भाषा होती. ती त्यांनी थेट गाण्यात आणली. मागे साथीला डॉर्सी बंधू, बनी बेरिगन, ग्लेन मिलर अशी जॅझमधली नामांकित माणसं.

आता मुद्दा. ब्रन्सविक या तबकड्यांच्या कंपनीत या तबकड्यांवर हुकूम चालायचा तो जॅक कॅपचा. १९३४ मध्ये त्याने अमेरिकेत डेक्का ही कंपनी उभी केली. त्याच्या स्टुडिओत हात पुढे केलेल्या पोकाहोंटसच्या पुतळ्याचं चित्र लावलेलं होतं आणि तिच्या तोंडी एकच प्रश्न होता: ‘चाल कुठे आहे?’ १९३७ च्या अखेरीस याच डेक्काने अँड्र्यूज भगिनींची गाजलेली पहिली तबकडी काढली. चाल पहिल्या ओळीपासून समोर, लय शेवटपर्यंत तीच, तिन्ही आवाज एकत्र चालतात आणि एकत्रच थांबतात. माझ्या मते क्लोज हार्मनी १९३५ च्या आसपास शिखरावर होती आणि तिथून ती खाली उतरवली गेली.

रेडिओअक्का:

‘उतरवली गेली’ हे अजिबात मान्य नाही.

अँड्र्यूज मुली मिनीॲपोलिसच्या. वडील ग्रीक, आई नॉर्वेजियन, घरी खानावळीचा धंदा. थोरली लव्हर्न, मधली मॅक्सीन, धाकटी पॅटी. मॅक्सीन आणि पॅटीला स्वरलेखन वाचता येत नव्हतं. रेडिओवर बॉसवेल भगिनी ऐकून, त्यांची हुबेहूब नक्कल करतच त्या शिकल्या, अगदी त्यांच्या दक्षिणी उच्चारांसकट. तुमच्या आवडत्या तिघींना यांच्याइतकं मन लावून ऐकणारं त्या काळात दुसरं कोण होतं?

मग त्या वेगळ्या का गायल्या? माझं उत्तर एका शब्दात: नाच. ऑगस्ट १९३५ मध्ये लॉस एंजलिसच्या पॅलोमार नाचघरात बेनी गुडमनचा बँड गाजला आणि पुढची दहा वर्षं बाजार स्विंग बँडांचा, म्हणजे नाचायच्या जॅझचा झाला. हजारभर जोडपी फरशीवर असताना मधेच लय अर्धी केलीत तर पाय कुठे टाकायचा? बॉसवेल भगिनींचं गाणं घरी, रेडिओजवळ बसून ऐकायचं गाणं आहे. अँड्र्यूज भगिनी पितळी वाद्यांच्या रांगेपुढे उभ्या होत्या. त्यांचा वाद्यसंयोजक व्हिक शोन त्यांच्यामागे ट्रम्पेट अशी लिहितो की तिघींचे आवाज त्या वाद्यांतलंच एक वाद्य वाटतात. सूर कापल्यासारखा सुरू होतो आणि कापल्यासारखा थांबतो. तिघींनी एकाच क्षणी श्वास तोडायचा, तोही नाचता-नाचता. चार जणींना घेऊन साधं स्वागतगीत बसवून बघा, मग ‘सोपं’ हा शब्द वापरा.

आणखी एक. १९४५ च्या ऑगस्टमध्ये त्या नेपल्सजवळ सैनिकांपुढे गात होत्या. समोरची मुलं पॅसिफिकच्या आघाडीवर जायला निघालेली. मधेच हातात चिठ्ठी आली, जपानबरोबरची लढाई संपली. पॅटीने ती वाचली तेव्हा आधी कोणाचा विश्वासच बसला नाही, असं तिनेच पुढे सांगितलं आहे. घरापासून इतक्या लांबच्या पोराला दुसऱ्याच ओळीपासून बरोबर गाता येईल असं गाणं लागतं. ते देणाऱ्यांना उथळ म्हणू नये.

खर्ज:

दोघेही बहिणींवरच बोलताय. मिल्स बंधूंना का वगळलंत?

ओहायोतल्या पिकाचे चार भाऊ: जॉन, हर्बर्ट, हॅरी, डोनाल्ड. साथीला फक्त एक गिटार. बाकी ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, बास, जे काही ऐकू येतं ते तोंडाने. हॅरी ओंजळ तोंडावर धरून ट्रम्पेट काढायचा. लोकांचा विश्वास बसेना, म्हणून तबकडीच्या कागदावर छापावं लागायचं की एका गिटारीखेरीज कोणतंही वाद्य किंवा यांत्रिक साधन वापरलेलं नाही. सिनसिनाटीच्या रेडिओवरून ते न्यूयॉर्कला सीबीएसवर गेले. देशभराच्या रेडिओजाळ्यावर स्वतःचा कार्यक्रम मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय गायक.

हे सांगायचं कारण असं. तबकडीवाले, बॉसवेल भगिनींच्या गाण्यात तुम्हाला जे अंगावर येतं, ती लयीची मोडतोड, तो ब्लूज, तो न्यू ऑर्लिन्सच्या काळ्या माणसांकडून त्यांच्या कानात आलेला. कॉनी स्वतः मॅमी स्मिथ या कृष्णवर्णीय ब्लूज गायिकेचं नाव घ्यायची. मग शिखर आणि उतार मोजताना उगमाचंही नाव घ्या.

आणि तुमचा कॅपचा मुद्दा. मिल्स बंधूसुद्धा आधी ब्रन्सविक आणि मग डेक्का, म्हणजे माणूस तोच. त्यांचंही गाणं पुढे सरळ झालं. पण १९३६ मध्ये थोरला जॉन वारला. खर्ज तोच गायचा, गिटारही तोच वाजवायचा. त्याच्या जागी वडील उभे राहिले. मुलगा गेल्यावर बापाने त्याचा खर्ज गायचा! मी आमच्या सोसायटीच्या गटात खालचा आवाज गातो. त्या जागी उभं राहणं म्हणजे काय ते थोडंफार कळतं. त्यानंतरचं गाणं शांत झालं, याला कॅप एकटा कारण नसावा.

किराणा_श्रोता:

चर्चा मन लावून वाचली. पण माझा आक्षेप मुळालाच आहे. गळा एकट्याचा असतो. गंधारावर येताना गवई कुठून येतो, किती रेंगाळतो, तिथे त्याचं सगळं आयुष्य दिसतं. तिघींनी खेटून गायचं ठरवलं की मींड गेली, आंदोलन गेलं. सगळ्यांनी एकाच वेळी एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उडी मारायची. बॉसवेल काय किंवा अँड्र्यूज काय, मला ती उत्तम कवायत वाटते. कवायतीबद्दल आदर आहे, पण त्यात कोणी एकटं भेटत नाही.

एडिसनकर:

नमस्कार. न्यू जर्सीत राहतो, सात वर्षं इथल्या एका बार्बरशॉप गटात गातो. चार पुरुष, वाद्य एकही नाही. या सगळ्या गटांच्या मुळाशी हेच गाणं आहे, म्हणून लिहितो.

किराणा_श्रोता, तुमचा तानपुरा आठवा. जोड (मधल्या दोन तारा) नीट लागली की कोणीही न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. पियानोचा गंधार त्याहून १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढा असतो, म्हणून पियानोवर तो तसा मिळत नाही. आम्ही चौघं वाद्याशिवाय गातो तेव्हा गंधार गाणारा आपला सूर कणभर खाली घेत जातो, आणि एका क्षणी खोलीत पाचवा माणूस गायला लागल्यासारखा वरचा सूर वाजतो. तो आमच्यापैकी कोणाच्याही गळ्यात नसतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला आजोबांच्या खोलीतला तानपुरा आठवला आणि पुढची ओळ गाता आली नाही.

कोणी एकटं भेटत नाही, हे तुमचं खरं आहे. पण एकट्याला न भेटणारं काहीतरी तिथे भेटतं.

मांडवीकाठ:

गोव्याच्या माणसाला हा आवाज परका नाही. आमच्याकडे मांडो, म्हणजे आमची जुनी कोकणी गाणी, दोन आवाजांत गातात, दुसरा आवाज बहुतेक वेळ पहिल्याच्या तिसऱ्या सुरावरून चालतो, साथीला व्हायोलिन आणि घुमट हे मातीचं तालवाद्य. चर्चच्या शाळेत मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, पोरांना आधी सुरांची बाराखडी शिकवायचा, म्हणून तर मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवायला आणि पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आमची माणसं भरली. सी. रामचंद्रांबरोबर काम करणारा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आमचाच.

मला रेडिओअक्कांचं पटतं. मांडोतसुद्धा दुसरा आवाज कसरत करत नाही, तो नुसता सोबत चालतो. त्यातच त्याचं सौंदर्य आहे.

तबकडीवाला:

रेडिओअक्का, नाचाचा मुद्दा मान्य. पॅलोमारचा विचार मी केला नव्हता, आणि १९३५ हे साल माझ्या ‘शिखरा’वर नेमकं येऊन बसतं हे आता दिसतंय. खर्ज, मॅमी स्मिथचं नाव पहिल्याच मजकुरात यायला हवं होतं, चूक माझी.

पण बाकी म्हणणं सोडत नाही. १९३४ मध्ये हार्लेमच्या अपोलो नाट्यगृहात हौशी कलाकारांच्या रात्री पुढे गाजलेली जॅझ गायिका एला फिट्झजेराल्ड पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा ती कॉनी बॉसवेलसारखं गायचा प्रयत्न करत होती. हे एलाने आयुष्यभर सांगितलं. किराणा_श्रोता, ‘कोणी एकटं भेटत नाही’ म्हणता, पण एलाला त्या तिघींतून एकटी कॉनी भेटली की! कारण कॉनी मधेच सुटून एकटी गाते, शब्द मागे ओढते, आणि बहिणी तिला परत पोटात घेतात. हे सुटणं आणि परत येणं अँड्र्यूज भगिनींत मला मिळत नाही. पॅटी एकटी गाते तेव्हासुद्धा ती त्याच रस्त्याने चालते.

उत्तररात्र:

शिखर कुठलं, उतार कुठला हे ठरवताना बर्लिनकडेही बघा. हॅरी फ्रोमरमान नावाच्या तरुणाने रेव्हेलर्स या अमेरिकन गायकगटाच्या तबकड्या ऐकून १९२७ च्या डिसेंबरात वर्तमानपत्रात जाहिरात दिली, गायक हवेत म्हणून. त्यातून कॉमेडियन हार्मोनिस्ट्स उभे राहिले, पाच गळे आणि एक पियानोवादक. आवाजांचा रेशमीपणा असा की कोणता सूर कोणाचा हे सांगताच येत नाही. सहांपैकी तिघे ज्यू. १९३४ च्या मार्चमध्ये त्यांचा जर्मनीतला शेवटचा जाहीर कार्यक्रम झाला आणि १९३५ मध्ये एकत्र गायला बंदी आली. तिघे व्हिएन्नाला गेले, तिघे मागे राहिले, आणि दोन्हीकडे नवे गळे घेऊन दोन गट झाले. दोन्ही गटांच्या तबकड्या मी ऐकल्या आहेत. माणसं तयारीची, मांडणी जवळजवळ तीच, पण तो मिसळलेला आवाज दोन्हीकडे नाही.

जॅक कॅपने चाल सरळ करायला लावली ही तक्रार मला समजते. पण सरळ चालीचं गाणं निदान गायलं तरी गेलं.

रेडिओअक्का:

उत्तररात्र, हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

तबकडीवाले, बॉसवेल भगिनी १९३६ मध्ये थांबल्या, त्याला लग्नं आणि संसार हेही कारण होतं. सगळं कॅपच्या माथी मारू नका. आणि तुमचं ‘सुटणं आणि परत येणं’ मला समजलं, पण तुम्ही दर वेळी मधल्या आवाजाकडे बघताय. कॉनीकडे, पॅटीकडे. तुमच्यासाठी एक काम. हेडफोन लावा, अँड्र्यूज भगिनींची कोणतीही तबकडी घ्या, पॅटीला सोडा, वरच्या मॅक्सीनलाही सोडा, आणि थोरल्या लव्हर्नच्या मागे जा. सगळ्यांत खालचा आवाज. पहिल्यांदा सापडणारच नाही. मला तिसऱ्या दिवशी सापडला. ती चाल गात नाही, तिच्या ओळीला स्वतंत्र ऐकलं तर गाणंसुद्धा ओळखू येत नाही. पण सूर कुठे वळणार हे तिला बाकी दोघींच्या अर्धा क्षण आधी ठाऊक असतं.

लव्हर्न आजारी पडल्यावर तिच्या जागी दुसरी गायिका घेतली होती. १९६७ मध्ये लव्हर्न गेली. पुढच्या वर्षी गट संपला. मॅक्सीन होती, पॅटी होती, चाल तीच होती.

खर्ज:

अक्का, लव्हर्न सापडली. आज रात्री परत ऐकतो.